शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचे लाजिरवाणे प्रश्न आणि न पटणारी मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदुस्थानी संगीत मनापासून ऐकणाऱ्या पुष्कळ जणांना काही गोष्टी चारचौघांत विचारता येत नाहीत. काहींना काही मतं बोलून दाखवायची चोरी वाटते. खालचे प्रश्न त्यातलेच आहेत. उत्तरं वाचताना शेजारी रेकॉर्डिंग आणि तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर जास्त उपयोग होईल.

वर्षानुवर्षं ऐकतोय, तरी राग ओळखता येत नाही. कुठून सुरुवात करू?

षड्जापासून. राग चुकतो तो बहुतेक वेळा स्वर कळत नाहीत म्हणून नाही, ‘सा’च चुकीचा धरलेला असतो म्हणून. बंदिशीचा (गायच्या रचनेचा) पहिला स्वर हाच सा, असं कान गृहीत धरतो. यमनची बंदीश निषादावरून उठली की सगळं गणित फिसकटतं.

हे किती बिघडू शकतं ते भूपात बघा. भूपाचे स्वर सा रे ग प ध. हेच पाच स्वर, पण पंचमाला सा मानलंत तर दुर्गा ऐकू येतो. गंधाराला सा मानलंत तर मालकंस. रिषभाला मानलंत तर मधमाद सारंग, आणि धैवताला मानलंत तर धानी. गायक एकच राग गातो आहे आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात पाच वेगळे राग तयार होऊ शकतात.

म्हणून आधी तानपुरा पकडा. चार तारांच्या तानपुऱ्यात पहिली तार बहुधा पंचमाची, मग जोडीच्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. ती शेवटची जाड तार कानात भरून घ्या आणि तिच्यासोबत ‘आ’ लावा. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा दबलेला असेल तर अ‍ॅप लावून जुळवा: पुरुष गायक साधारण पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या आसपास. दोन-तीन पट्ट्या बदलून पाहिल्या की जुळतं.

पहिली तार पंचमाची नसेल तर तोही मोठा धागा आहे. ती मध्यमाला लावलेली असेल तर मालकंस, बागेश्री यांसारखा राग असण्याची शक्यता वाढते. निषादाला असेल तर मारवा किंवा पूरिया. गायक तोंड उघडण्याआधीच तानपुरा निम्मं उत्तर देऊन जातो.

त्यानंतर हा क्रम धरा: भूप, दुर्गा, मालकंस, हंसध्वनी, यमन, बागेश्री, भैरव. पहिले चार पाचच स्वरांचे आहेत. भूपात गंधार आहे, त्याच्या जागी मध्यम आला की दुर्गा. भूपातला धैवत काढून निषाद घातला की हंसध्वनी. एका आठवड्याला एकच राग, तीन वेगळे कलाकार, प्रत्येकाची पहिली दहा मिनिटं. आणि रोज तोच आरोह-अवरोह स्वतः म्हणायचा, आवाज कसाही असो. गळ्यातून गेलेला स्वर कान विसरत नाही.

सिनेगीतांवरून राग शिकताना मात्र जपून. ‘हे गाणं अमुक रागातलं’ ही यादी सुरुवातीला मदत करते, पण संगीतकार अंतऱ्यात रागाबाहेरचे स्वर सहज घेतात, आणि मग तेच स्वर तुम्ही ख्यालात (शास्त्रीय गायनाच्या मुख्य प्रकारात) शोधत बसता.

भूप, देशकार आणि शुद्ध कल्याण सगळे सारखेच वाटतात.

भूप आणि देशकार यांचे स्वर खरोखर एकच आहेत. फरक मुक्कामाचा आहे. भूप गंधारावर थांबतो आणि मंद्र-मध्यात (खालच्या आणि मधल्या सप्तकात) रमतो: सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. देशकार धैवतावर उभा असतो, वरच्या अंगाने जातो, रिषभाला फारसं थांबत नाही: ग प ध, ध प, ग प ध प, ग रे सा. डोळे मिटा आणि ‘गायक कुठल्या स्वरावर श्वास सोडतोय’ एवढंच बघा. शुद्ध कल्याणात चढताना भूपच असतो, पण उतरताना षड्जावरून पंचमाकडे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) येते तेव्हा निषाद हलका घासून जातो, पंचमावरून गंधाराकडे येताना तीव्र मध्यम. ते दोन स्वर सुटे शोधू नका, मींडेतच सापडतात.

हीच गंमत मारवा-पूरिया-सोहनी या तिघांत आणि दरबारी-अडाणा या जोडीत आहे. दरबारी खाली, आंदोलित (झुलत्या) गंधारावर. अडाणा तार (वरच्या) षड्जाच्या भोवती. भूप-देशकार एकदा कानात बसले की बाकीच्या जोड्या पुष्कळ सोप्या जातात.

सगळे समेला मान डोलावतात. मला सम येतेय हेच कळत नाही.

सम म्हणजे तालाच्या एका फेरीची, आवर्तनाची, पहिली मात्रा (ठोका). मात्रा बोटांवर मोजायची सवय आधी सोडा. मोजणारा माणूस गाणं ऐकत नाही आणि एक मात्रा हुकली की सगळंच सोडून देतो. त्याऐवजी डग्गा ऐका.

तीनतालाच्या १६ मात्रांचा ठेका: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद होतो, फक्त चाटेचा (तबल्याच्या काठाचा) सुका आवाज राहतो. चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो. तो परत आला की १४, १५, १६ आणि सम. म्हणजे घुमारा परतल्यावर तीन मात्रा धरायच्या, सोळा मोजायची गरज उरत नाही. मध्यलयीच्या बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (तालातल्या बिनटाळीच्या जागेपासून) उठतात. अशा वेळी मुखड्याचे (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याचे) शब्दच तुम्हाला समेवर आणून सोडतात.

विलंबित (संथ) एकताल अवघड वाटतो, कारण एक आवर्तन पाऊण मिनिटाचं असू शकतं. बोल असे: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. आवर्तनात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. नवखा कान पहिल्या तिरकिटाला फसतो आणि सम आली असं समजतो. पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’ येतं, त्यात डग्गा नाही, आवाज पातळ होतो. दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येतं, डग्गा घुमतो, आणि पुढे लगेच सम. त्याच सुमारास गायक मुखडा उचलतो. तिरकिट, घुमारा, मुखडा, सम: हे चार टप्पे ओळीने ऐकू यायला लागले की मान आपोआप हलते.

रूपकात गोंधळलात तर दोष तुमचा नाही. सात मात्रांच्या या तालात समेलाच खाली आहे (ती ती ना, धी ना, धी ना), म्हणजे सर्वांत जोरकस डग्गा चौथ्या मात्रेला ऐकू येतो. तो समेचा धरू नका.

सतार आणि सरोद नुसतं ऐकून वेगळे करता येत नाहीत.

सतारीला पडदे आहेत आणि ती नखीने वाजते. आवाजात जवारीची (घोडीवर तार घासून निघणारी) लांब झणझण असते आणि मींड पडद्यावर तार आडवी ओढून निघते. सरोदला पडदे नाहीत, पोलादी पट्टीवर तार नखाने दाबून सरकवतात आणि नारळाच्या करवंटीच्या जव्याने छेडतात. पोटावर कातडं असल्यामुळे स्वर खोल, कोरडा आणि लवकर विरणारा. आलापातल्या मंद्र स्वरांवर फरक लख्ख कळतो, झाल्यात (शेवटच्या जलद भागात) कळत नाही. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं ऐका.

बंदिशीचे शब्दच कळत नाहीत.

बहुतेकांना कळत नाहीत, गाणाऱ्यांपैकीही काहींना पूर्ण कळत नाहीत. बंदिशी मुख्यतः ब्रज आणि तिच्या आसपासच्या बोलींत आहेत, तोंडी परंपरेत शब्द झिजलेले आहेत, शिवाय विलंबितात एक शब्द तीन-चार मात्रांवर ताणला जातो. उपाय सोपा आहे: तोच कलाकार द्रुत बंदीश गातो ती आधी ऐका, किंवा त्याच विलंबित बंदिशीचं दुसऱ्या घराण्याचं रेकॉर्डिंग. फक्त स्थायीची (बंदिशीच्या पहिल्या भागाची) पहिली ओळ कागदावर उतरवा, ती आख्ख्या गाण्यात सर्वांत जास्त वेळा येते.

अंतऱ्यात (दुसऱ्या भागात) रचनाकाराची मुद्रा (टोपणनाव) सापडते ती मात्र जरूर शोधा. ‘सदारंग’ म्हणजे अठराव्या शतकातले, मुहम्मदशाह रंगीले यांच्या दरबारातले नियामत खाँ. ‘प्रेमपिया’ म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ. ‘सबरंग’ म्हणजे बडे गुलाम अली खाँ. ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. मुद्रा कळल्या की बंदिशीला माणूस मिळतो, आणि ती लक्षातही राहते.

विलंबित ख्याल मला कंटाळवाणा वाटतो. हे बोललं तर लोक तुटून पडतात.

तुटून पडणाऱ्यांनी हा विचार करावा की ‘विलंबित’ ही एकच गोष्ट नाही. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एकतालाचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं आणि अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालात जेमतेम ३७ वेळा सम येते. ही अतिविलंबित लय विसाव्या शतकात रुळली. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि त्यांच्या प्रभावातले अमीर खाँ यांचा त्यात मोठा वाटा आहे. अमीर खाँसाहेबांचा १४ मात्रांच्या झूमरा तालातला ख्याल ऐकून एखाद्याचा धीर सुटला तर त्यात नवल नाही.

ग्वाल्हेर घराण्याचा तिलवाडा ताल किंवा जयपूर-अत्रौली घराण्याचा विलंबित तीनताल यापेक्षा चांगलाच चालता असतो. मल्लिकार्जुन मन्सूर ऐका: लय हलती, सम वारंवार, आलाप आणि तान एकमेकांत गुंफलेले. ‘मला विलंबित आवडत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांना हे आवडतं. त्यांना नकोशी होती ती एका घराण्याची लय.

अतिविलंबितच ऐकायचं असेल तर कशाची वाट पाहायची ते ठाऊक हवं. बढत (रागाचा हळूहळू होणारा विस्तार) खालून वर जाते. गायक मंद्रात काम करून षड्जावर येतो, मग एकेका स्वराला केंद्र करून त्याच्याभोवती फिरतो, पुढचा स्वर मुद्दाम राखून ठेवतो. यमनात पंचम यायला दहा मिनिटं लागू शकतात. कुठला स्वर अजून आलेला नाही यावर लक्ष ठेवा. तार षड्ज लागला की अंतरा येणार. इथे मन रमायला लागतं, कारण आता ऐकणाऱ्यालाही काहीतरी काम मिळालेलं असतं. आणि पंधरा मिनिटांनी डोळा लागला तर लागू द्या, घोरू नका एवढंच. तानपुऱ्याच्या नादात झोप येणं हा अपमान नाही.

पेटी नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

हे मत मांडणारे तुम्ही पहिले नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

आक्षेपाला सांगीतिक आधार आहे. पेटीचे स्वर समान अंतरांच्या सप्तकात लावलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). भूपात गायक गंधारावर स्थिर थांबला आणि पेटीवाल्याने तोच स्वर दाबून धरला, की हवेत एक बारीक थरथर ऐकू येते. ती या १४ सेंटांची. पंचमात फरक फक्त २ सेंटांचा, म्हणून तिथे काही खटकत नाही. शिवाय मींड नाही, आणि दरबारीच्या आंदोलित गंधाराचं तर काहीच करता येत नाही.

चांगला साथीदार हे जाणतो. तो अशा जागी स्वर धरत नाही, बाजूने निघून जातो आणि गायकाची ओळ संपली की तिचं शेपूट तेवढं उचलतो. अप्पा जळगांवकरांची साथ या कानाने ऐका, मत थोडं मवाळ होईल. एकल पेटीसाठी गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर ही महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. तरीही नकोच वाटली तर सारंगीची साथ असलेली रेकॉर्डिंग शोधा. सारंगी स्वरामागोमाग जाते, तिथे पेटी कधीच पोहोचू शकणार नाही. आमचंही मत याच बाजूला झुकतं.

खरं सांगायचं तर मला ख्यालापेक्षा नाट्यगीतच आवडतं.

मग लाजायचं कशाला? महाराष्ट्रात ख्याल घरोघर पोहोचला तो संगीत रंगभूमीवरून. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि पुढे भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालियांनी पदांना चाली दिल्या. बालगंधर्व त्यांचेच शिष्य. ‘स्वयंवर’ (१९१६) मधलं ‘नाथ हा माझा’ हा शुद्ध यमन आहे. ते पाठ असेल तर यमन तुम्हाला येतो, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते. पुष्कळदा ती मूळ बंदिशीची पहिली ओळ असते. आवडत्या पदाची चाल शोधा आणि ती बंदीश ख्यालात ऐका. ओळखीची वळणं भेटत गेल्याने तीस मिनिटं जड जात नाहीत.

केसरबाई केरकरांचं नाव सगळे घेतात. मी ऐकल्या, पण खरखरीपलीकडे काही पोहोचलं नाही.

अडचण दोन प्रकारची आहे. एक, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. अर्ध्या तासाचा ऐवज तीन मिनिटांत बसवलेला, त्यामुळे विश्रांतीच नाही. दोन, वेग. त्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या, आणि पुढे टेपवरून नक्कल होताना आणखी फरक पडला. वेग ६ टक्के वाढला की पट्टी अर्धा स्वर चढते आणि आवाज चिरका होतो. एखादा गायक विचित्र उंच ऐकू आला तर प्लेअरचा वेग थोडा कमी करून बघा.

ऐकण्याची पद्धतही बदला. हेडफोन लावा आणि एकच तबकडी लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा खरखर ऐकू येते, दुसऱ्यांदा आवाज, तिसऱ्यांदा गाणं. सुरुवातीला गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी घ्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर ती आहे. साडेतीन मिनिटांत दमसास आणि आकार (‘आ’ लावून गाणं) काय असतो ते कळतं.

कुमार गंधर्व (किंवा भीमसेन, किंवा किशोरीताई) आवडत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. पण कुठलं रेकॉर्डिंग ऐकलंत ते तपासा. तबकडीसाठी गायलेलं, रेडिओसाठी गायलेलं आणि बैठकीत गायलेलं हे एकाच गायकाचं तीन प्रकारचं गाणं असतं. आणि काळही बघा. कुमारांची तुटक, झेप घेणारी स्वरवाक्यं खटकत असतील तर क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यानंतर त्यांनी घडवलेली ही गायकी आहे हे लक्षात ठेवून ऐका, आणि मग त्यांच्या आजारापूर्वीच्या तबकड्या ऐका. तीन वेगळी रेकॉर्डिंग शांतपणे ऐकूनही मन लागलं नाही तर ती तुमची आवड. ती बिनदिक्कत सांगा, फक्त ‘त्यांना गाता येत नाही’ असं म्हणू नका.

रागांचं समयचक्र मला पटत नाही. सकाळी यमन ऐकला तर काय बिघडतं?

रेकॉर्डिंग ऐकताना काहीही बिघडत नाही. कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन इतकं पाळलंही जात नाही. अमुक स्वर अमुक वेळीच चांगला लागतो याला स्वरांच्या भौतिकीत आधार नाही, हा संकेत आहे.

तरीही मैफिलीत हा संकेत टिकावा असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्यामुळे वेगवेगळे राग गायले जातात. आज बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सहा ते दहा या वेळात होतात, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. परिणाम असा की मारवा, पूरिया, यमन, बागेश्री पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि ललत, तोडी, देशकार, सारंगाचे प्रकार समोर बसून ऐकायला मिळत नाहीत. सकाळच्या बैठकांची जाहिरात दिसली तर आवर्जून जा.

दाद कधी द्यायची? आणि मध्येच उठावं लागलं तर?

सम सुंदर आली, जागा अंगावर आली की तोंडातून जे निघेल ते. टाळ्या बंदीश संपल्यावर. प्रत्येक तिहाईला (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याला) टाळ्या वाजल्या की कलाकार तिहायाच वाजवत बसतो, हे नुकसान ऐकणाऱ्यांनीच करून ठेवलेलं आहे. उठायचं तर दोन रागांच्या मधे, आलाप सुरू असताना कधीच नाही.

‘सवाई’ला कधीच गेलो नाही, हे पुण्यात सांगायची लाज वाटते.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालत आलेला महोत्सव एकदा अनुभवावाच. पण कान तयार करायला मोठा मांडव ही चांगली जागा नाही. हजारोंच्या गर्दीत ध्वनिक्षेपकातून डग्गा फुगतो आणि तानपुरा हरवतो. आधी पन्नास-साठ जणांच्या बैठका गाठा. पुण्याचा भारत गायन समाज (भास्करबुवांनी १९११ मध्ये स्थापलेला), कल्याणचा गायन समाज अशा संस्थांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. मोठ्या मांडवात बसायचंच तर ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर नको, मधल्या पट्ट्यात आणि थोडं मागे बसा.

कर्नाटक संगीत अजिबात ऐकलेलं नाही.

ओळखीच्या स्वरांवरून आत शिरा. भूप तिथे मोहनम् आहे, मालकंस हिंदोलम्, दुर्गा शुद्ध सावेरी, यमन जवळपास कल्याणी. नावांनी मात्र फसाल: आपल्या भैरवीचे स्वर तिथे तोडीत आहेत, आणि आपली तोडी तिथे शुभपंतुवराळी. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी, आभोगी हे तर तिकडूनच आपल्याकडे आले.

गमक (स्वर हलवणं) अंगावर येतं ही सगळ्यांची पहिली तक्रार. आपल्याकडे स्वर स्थिर लावणं हे कसब मानतात, तिथे स्वर हलता असणं हेच त्याचं रूप. म्हणून गायनाऐवजी वीणेपासून किंवा बासरीपासून सुरुवात करा, आदितालाच्या आठ मात्रा हातावर धरा (एक टाळी, तीन बोटं, मग टाळी-पालथा हात, टाळी-पालथा हात), आणि मोहनम् चार-पाच कलाकारांचा ऐका. श्रोतेही सभागृहात असाच ताल हातावर धरून बसलेले असतात, तेव्हा आवर्तन कुठे आहे ते शेजाऱ्याच्या मांडीकडे पाहून कळतं.